सिकल सेल ‘क्यू’ मध्ये का सापडत नाही

परवा आमच्या मेडिकल कोडिंगच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने विचारलं, "मॅम, सिकल सेल जेनेटिक आहे ना, मग क्यू चॅप्टरमध्ये का सापडत नाहीये?" मी तिच्या स्क्रीनकडे वळले तर तिथे एका दोन महिन्यांच्या बाळाच्या चार्टवर तिने आधीच डी५७.१, म्हणजे रक्ताचा सिकल सेल आजार असल्याचा कोड, टाकून ठेवलेला, आणि ते बघून माझ्या पोटात एकदम गोळाच आला. तिला तेव्हा घाईघाईत काहीतरी सांगितलं, पण रात्री घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून आज सगळं नीट लिहून काढतेय. चार्टमधली वयं वगैरे बदललीत आणि तीन-चार केसेस एकमेकांत मिसळल्यात, कारण पेशंटची ओळख जपणं हे आमच्या कामात सगळ्यात आधी येतं.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट, बीपीटी विदर्भात केलं, आणि आता सहा वर्षं पुण्यात मेडिकल कोडिंग करतेय. म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे चार्ट इथे बसून वाचायचे, डॉक्टरांनी जे निदान लिहिलंय ते आयसीडी-१०-सीएम या पुस्तकातल्या कोडमध्ये बसवायचं, मग त्यावर तिथली इन्शुरन्स कंपनी पैसे देते आणि तिथली आकडेवारी पण त्याच कोडवरून तयार होते. तिकडे हे पुस्तक १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे, त्याआधी नववी आवृत्ती होती. गेली चार वर्षं मी लहान मुलांच्या एका हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर आहे, त्यामुळे सतरावा चॅप्टर, म्हणजे क्यू०० ते क्यू९९, जन्मजात व्यंग आणि क्रोमोसोमचे दोष, हा माझा रोजचाच.

तर तिच्या प्रश्नाचं उत्तर. जन्मजात आणि जेनेटिक हे आपण बोलताना एकच धरतो पण ते एक नाहीत. आईला गरोदरपणात रुबेला झाला आणि बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला आलं तर ते जन्मजात आहे पण जीनचा काही संबंध नाही, व्हायरसने केलंय, त्याचा कोड पी३५.० मध्ये. उलट हंटिंग्टन पूर्णपणे जीनचा आजार, पण माणूस बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपास पोचेपर्यंत धडधाकट असतो, तो जी१० मध्ये, न्यूरोलॉजीच्या घरात. क्यू मध्ये मुख्यतः शरीर घडतानाच काहीतरी वेगळं घडलेलं असतं, हृदयाला भोक राहिलं, टाळू जुळली नाही, पाठीचा कणा बंद झाला नाही, एक क्रोमोसोम जास्त आला. बाकीचे जेनेटिक आजार ज्या सिस्टिमला त्रास देतात तिकडे जाऊन बसतात, सिकल सेल आणि थॅलेसेमिया रक्ताच्या डी मध्ये, हिमोफिलिया ए डी६६, सिस्टिक फायब्रोसिस ई८४, गौशे ई७५.२२, डुशेन जी७१.०१. आणि हा नियम पण सरळ नाही बरं का, मार्फान आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस जीनचे असून क्यू मध्येच आहेत, आणि जन्मजात इंग्वायनल हर्निया जन्मजात असून के४० मध्ये मोठ्या माणसांच्या हर्नियाशेजारी. म्हणून आधी इंडेक्स, मग टॅब्युलर म्हणजे कोडची क्रमवार यादी, अंदाजाने पान उघडायचं नाही, हे मी प्रत्येक नवीन मुलामुलींना सांगते.

पण पान सापडणं हा सोपा भाग. खरी गोची क्रियापदाची आहे. आपण मराठीत म्हणतो त्याला आजार ‘आहे’, त्याला आजार ‘होता’, त्याला आजार ‘असेल’, त्याला आजार ‘निघाला नाही’. ही चार वाक्यं बोलताना कुणी फार विचार करत नाही, पण आमच्याकडे या चारांचे चार वेगळे कोड होतात आणि चुकीचं क्रियापद लागलं की ते त्या मुलाच्या रेकॉर्डमध्ये जाऊन बसतं.

मला हे कळलं ते स्वतःच्या चुकीवरून. प्रोजेक्टवर दुसराच महिना होता, एक दीड वर्षाचं मूल न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट झालेलं, आणि हिस्टरीमध्ये लिहिलेलं की हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट, नॉरवूड झालं, ग्लेन झालं. मी वाचलं ‘झालं’. दोन-दोन ऑपरेशनं झाली म्हणजे दुरुस्त झालं, आणि गाइडलाइन तर स्पष्ट सांगते की व्यंग पूर्ण दुरुस्त झालं असेल तर आता ते ‘होतं’ धरा, म्हणून मी झेड८७.७४ टाकला, म्हणजे हृदयाचं जन्मजात व्यंग पूर्वी होतं, आता दुरुस्त. आमच्या क्यूएने, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्याने, तो चार्ट परत पाठवला आणि सोबत एकच ओळ लिहिली, "फॉन्टन अजून व्हायचंय, पूर्ण वाच." मी बसून वाचलं. त्या मुलांच्या हृदयाची डावी बाजू नीट घडलेलीच नसते, पहिलं ऑपरेशन जन्मानंतर काही दिवसांत, दुसरं चार-सहा महिन्यांचं असताना, तिसरं, म्हणजे फॉन्टन, दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, आणि तीनही झाल्यावर सुद्धा डावं हृदय काही तयार होत नाही, उजव्या बाजूकडून सगळं काम करून घेण्याची ती एक व्यवस्था असते. म्हणजे तिथे ‘होतं’ कधीच येत नाही. क्यू२३.४ हा त्या व्यंगाचा कोड त्या मुलाबरोबर आयुष्यभर राहणार, आणि क्यू कोड कुठल्याही वयाला लावता येतो हेही गाइडलाइनमध्येच आहे, ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं पण कळलेलं नव्हतं. माझ्या कोडमुळे पुढच्या वाचणाऱ्याला वाटलं असतं की हृदय बरं झालंय. एका हृदयाच्या पेशंटला झालेला न्यूमोनिया आणि धडधाकट मुलाला झालेला न्यूमोनिया यात किती फरक आहे!

उलट पाच वर्षांचं असताना डिव्हाइसने भोक बंद केलेला मुलगा विसाव्या वर्षी हात मोडून आला तर तिथे झेड८७.७४ अगदी बरोबर, त्याला उगाच हृदयरोगी करून ठेवायचं नाही. आणि टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेली मोठी माणसं, ती सगळ्यात अवघड, कारण दुरुस्ती झालेली असते पण वर्षानुवर्षं पल्मोनरी व्हॉल्व्ह गळत असतो, तिथे मी स्वतः ठरवत नाही, डॉक्टरांना क्वेरी टाकते, म्हणजे लेखी विचारते.

काही वेळा मात्र चूक आमची नसते, पुस्तकाचीच असते. ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत क्यू२१.१ या एका कोडमध्ये एट्रियल सेप्टल डिफेक्ट, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक, पण होता आणि पेटंट फोरामेन ओव्हाले पण होता. आता फोरामेन ओव्हाले हे त्याच पडद्यातलं छोटं दार, ते प्रत्येक बाळाला पोटात असताना असतंच, जन्मानंतर ते मिटतं, आणि साधारण चारातल्या एका माणसात ते थोडं उघडं राहतं आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आणि दुसरीकडे ज्या मुलाचं भोक ऑपरेशन करून बंद करावं लागतं, तोही त्याच कोडमध्ये. सात वर्षं या दोघांना एकच नाव! १ ऑक्टोबर २०२२ ला ते वेगळं झालं, सेकंडम प्रकारचं भोक क्यू२१.११, फोरामेन ओव्हाले क्यू२१.१२, सायनस व्हेनोसस प्रकारची भोकं अजून वेगळी. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळे वैतागले होते कारण नवीन कोड लक्षात राहत नाहीत आणि प्रोडक्शन, म्हणजे दिवसाला होणारे चार्ट, पडतं, पण मला मनापासून बरं वाटलं होतं.

क्लबफूटचं तसंच. इंटर्नशिपमध्ये मी एका जिल्हा रुग्णालयात क्लबफूटच्या प्लॅस्टरला मदत करायचे. पोन्सेटी पद्धत, दर आठवड्याला नवीन प्लॅस्टर, पाच-सात आठवडे. बाळाचा पाय आत वळलेला, तळवा वर आलेला, तो हळूहळू बाहेर फिरवून धरायचा आणि दुसऱ्याने प्लॅस्टर गुंडाळायचं, ते सुकेपर्यंत हात हलवायचा नाही. आईच्या मांडीवर बाळ दूध पीत असायचं म्हणजे रडत नाही, आणि प्लॅस्टरचा ऊबदारपणा तुमच्या बोटांना लागत असायचा. माझ्या हाताला अजून आठवतं की उजव्या पायाचं बाळ आणि डाव्या पायाचं बाळ धरायची पद्धत वेगळी असते. आणि मी कोडिंगला आले तेव्हा कोड काय, तर क्यू६६.०, पाय कुठला ते नाहीच! ऑक्टोबर २०१९ पासून क्यू६६.०१ उजवा आणि क्यू६६.०२ डावा झाला, दोन्ही पाय असतील तर दोन्ही कोड लावायचे. लोकांना वाटेल एवढ्याशा गोष्टीचं काय, पण एका पायाचं मूल आणि दोन पायांचं मूल यांचं आईबापाचं आयुष्य सारखं नसतं हो.

आता ‘असेल’. नवजात बाळाच्या नोटमध्ये लिहिलंय, डाउन सिंड्रोमची शंका, कॅरिओटाइप म्हणजे क्रोमोसोमची तपासणी पाठवलीय, रिपोर्ट यायचाय. ओपीडीचा चार्ट असेल तर शंका कोड करायची नाही, बाळाचे स्नायू सैल आहेत एवढंच लिहायचं जे डोळ्यांनी दिसतंय. पण अ‍ॅडमिट बाळाच्या डिस्चार्जच्या कागदावर जर ‘शंका’ असंच राहिलं असेल तर नियम सांगतो की असल्यासारखाच कोड लावा. मला हा नियम जन्मजात आजारांच्या बाबतीत पटत नाही, मी तो पाळते कारण पाळावाच लागतो, पण दोन दिवसांच्या बाळावर डाउनचा क्यू९०.९ लावताना हात जड होतो, रिपोर्ट नॉर्मल आला तर? निघालं नाही तर त्यालाही कोड आहे, झेड०५.४१, जेनेटिक आजाराची शंका होती, तपासलं, नाही. मला तो कोड फार आवडतो. तो लावायला मिळाला की मी शेजारच्या डेस्कवर सांगते.

आणि डाउन सिंड्रोम म्हटलं की क्यू९०.९ म्हणजे अनस्पेसिफाइड लावून मोकळं व्हायची सवय, ती मला खूप खटकते. एकदा चार्टच्या लॅबच्या भागात कॅरिओटाइपचा रिपोर्ट पडलेला होता, त्यात स्वच्छ लिहिलेलं की १४ आणि २१ या दोन क्रोमोसोमचं ट्रान्सलोकेशन, म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला जोडलेला, आणि डॉक्टरांच्या नोटमध्ये मात्र नुसतं डाउन सिंड्रोम. लॅबवरून आम्ही स्वतः कोड ठरवू शकत नाही, डॉक्टरांनी लिहायला लागतं. म्हणून क्वेरी. क्वेरीत उत्तर सुचवायचं नसतं, सगळे पर्याय द्यायचे, नॉनमोझॅक, मोझॅक, ट्रान्सलोकेशन, इतर, सांगता येत नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं, ट्रान्सलोकेशन, क्यू९०.२. टीममधली एकजण म्हणाली, "अगं, पेमेंटमध्ये काही फरक पडत नाही, कशाला एवढी ताणतेस." पण फरक आईबापाला पडतो ना. डाउनची बहुतेक मुलं, शंभरातली पंचाण्णव, एक अख्खा जास्तीचा २१ नंबर घेऊन येतात आणि तो प्रकार सहसा घराण्यातून आलेला नसतो. ट्रान्सलोकेशन मात्र आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं, ते स्वतः एकदम ठणठणीत असतात, पण पुढच्या बाळाच्या वेळी त्यांना आधी तपासावं लागतं. आणि अशा आईसाठी किंवा वडिलांसाठी पुस्तकात वेगळा कोड आहे, क्यू९५.०, त्याच्या नावातच लिहिलंय, बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन, नॉर्मल व्यक्तीमध्ये. नॉर्मल व्यक्तीमध्ये! ज्याने कुणी हे शब्द त्या नावात घातले त्याचे आभार मानावेसे वाटतात.

आता परत त्या पोटातल्या गोळ्याकडे.

माझी मावशी चंद्रपूरकडची. तिची मुलगी माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. आमच्या त्या भागात सिकल सेल म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, सगळे नुसतं सिकल म्हणतात, गावागावात शिबिरं होतात, बोटातून रक्त घेतात. तिचं लग्न ठरलं, साखरपुडा व्हायचा होता, आणि त्याच्या आसपास कॉलेजमधल्या शिबिराचा तिचा जुना कागद कुठून तरी मुलाकडच्यांच्या हातात पडला. त्यावर लिहिलेलं, सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह. झालं. आठ दिवसांत निरोप आला की जमणार नाही. मावशीचा आईला फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलेले, मावशी रडत होती आणि म्हणत होती, "पोरीले सिकल हाय म्हणून सांगून रायले ते सगळ्यायले."

सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात एस प्रकारचं हिमोग्लोबिन आहे. एका बाजूने आलंय की दोन्ही बाजूंनी, हे ती सांगतच नाही. त्यासाठी पुढची टेस्ट लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि त्यात येतं एसएस की एएस. एसएस म्हणजे आजार, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं दुखतात, क्रायसिस म्हणजे असह्य दुखण्याचा झटका येतो. एएस म्हणजे वाहक, एक जीन एसचा आणि एक नॉर्मल, आणि बहुतेक वाहकांना रोजच्या आयुष्यात काहीही होत नाही, फार क्वचित लघवीतून रक्त जाणं किंवा खूप जास्त शारीरिक ताणात त्रास होऊ शकतो. माझी बहीण एएस. तिच्याकडे तो दुसरा रिपोर्ट सुद्धा होता, फाइलमध्ये, मावशीने दाखवलाही, पण तोपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द सगळीकडे फिरला होता.

आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की प्रश्न तिचा एकटीचा नव्हताच. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची, दोन एएसच्या, एक एएची. मुलगा एए असेल तर एकही मूल एसएस होऊ शकत नाही. थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी जपावं लागतं कारण सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, पण त्याच रक्ततपासणीत तेही कळतं. म्हणजे करायचं एवढंच होतं की मुलाचं रक्त तपासायचं. ते कुणी केलंच नाही, मुलाला विचारलं पण नाही, सगळा शिक्का हिच्या कपाळी.

आता पुस्तक बघा. सिस्टिक फायब्रोसिसचा वाहक झेड१४.१, हिमोफिलियाची वाहक झेड१४.०, म्हणजे आजाराच्या घराबाहेर वेगळी जागा. ट्रान्सलोकेशनच्या वाहकाला तर ‘नॉर्मल व्यक्ती’ म्हटलंय. आणि सिकलचा वाहक कुठे, तर डी५७.३, आजाराच्याच घरात, डी५७.१ पासून दोन आकडे पुढे. त्यामागे वर्गीकरणाची जुनी पद्धत असेल, रक्तात एस हिमोग्लोबिन खरंच दिसतं म्हणून असेल, मला त्याची तांत्रिक बाजू समजते. पण डी५७ दिसलं की माझ्या डोळ्यांसमोर तो शिबिराचा कागद येतो, जिथे आजारी आणि वाहक दोघांना एकच शब्द होता. म्हणून तो १ आणि ३ मी दोनदा बघते, ऑडिट ९५ टक्क्यांना पास होत असलं तरी या दोन आकड्यांत मला पाच टक्के पण सोडायचे नाहीत.

अमेरिकेत २००६ पासून सगळ्या राज्यांत प्रत्येक नवजात बाळाची सिकलची तपासणी होते, टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन. आपल्याकडे लहान मुलांच्या तपासणीचा आरबीएसके कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून सुरू झाला, आणि सिकल सेलचं राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलला. म्हणजे आता आपल्याकडेही कागद वाढणार आहेत, लाखो कागद, आणि प्रत्येकावर दोन अक्षरं असणार आहेत जी कुणीतरी कुठेतरी टाइप करणार आहे.

तर तो परवाचा चार्ट. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, नोट मोठ्याने वाच. तिने वाचलं, न्यूबॉर्न स्क्रीन एफएएस. मी म्हटलं ही तीन अक्षरं कशी वाचतात माहितीये का, जे हिमोग्लोबिन जास्त ते आधी, एफ म्हणजे बाळाचं गर्भातलं, ते सगळ्यात जास्त असणारच, मग ए, मग एस. ए आहे आणि तो एसच्या आधी आहे, म्हणजे हे बाळ वाहक. ए नसता, नुसतं एफएस असतं, तर गोष्ट वेगळी होती. पण हे आपल्याला समजण्यासाठी, कोड आपण यावरून नाही लावायचा, खाली बघ डॉक्टरांनी काय लिहिलंय. ती खाली गेली. तिथे होतं, सिकल सेल ट्रेट, म्हणजे वाहकच, पालकांशी बोलणं झालं, बाळ निरोगी. तिने एन्कोडरमध्ये, म्हणजे कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘सिकल सेल’ एवढंच टाइप करून वरचा पहिला पर्याय निवडला होता, टार्गेटच्या घाईत आपण सगळेच करतो ते.

तिने १ खोडून ३ केला. मग थांबली आणि म्हणाली, "मॅम, आमच्याकडे गोंदियाला पण सगळे दोघांना सिकलच म्हणतात." आणि सबमिट करण्याआधी तिने ती नोट परत एकदा वरपासून वाचली.